पेंटबॉल: आधी मास्क, मग पेंट, मार्कर शेवटी

प्रश्न असा आहे: "दादा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांसोबत नागपूरबाहेरच्या एका मैदानावर पेंटबॉल खेळलो. गन भाड्याची होती. पोट्टा पंधरा-वीस मीटरवर समोर उभा, तरी माझा एक बॉल डावीकडे, एक उजवीकडे, एक डोक्यावरून. वीस-पंचवीस हजार जमवले आहेत. लांब बॅरलची, वर स्कोप असलेली स्नायपरसारखी गन घ्यावी म्हणतो. कोणती घेऊ? नेम कसा सुधारेल? लहान बहिणीलाही खेळायचं आहे, तिला चष्मा आहे. चालेल का?"

त्या पैशातून सध्या मार्कर, म्हणजे तू म्हणतोस ती गन, घेऊ नकोस. स्कोप तर अजिबात नको. आधी स्वतःचा चांगला मास्क घे, उरलेले पैसे ताज्या पेंटवर, म्हणजे बॉलवर, घाल आणि सहा-आठ महिने भाड्याच्या मार्करवरच हात बसव. मी बरीच वर्षं मैदानावर मार्शल, म्हणजे पंच, म्हणून उभा राहतो आणि मार्कर उघडून दुरुस्त करतो. बॉल वाकडा गेला की तो का गेला हे शोधणं माझं नेहमीचं काम आहे. बहुतेक वेळा कारण बॉलमध्ये, नळीत नाहीतर गॅसमध्ये सापडतं. मार्कर स्वस्त होता म्हणून बॉल वाकडा गेला, असं क्वचितच निघतं.

हे असं का होतं ते नीट समजून घे, म्हणजे कोणी काहीही गळ्यात मारायला आलं तरी तुझे पैसे वाचतील.

पेंटबॉल म्हणजे जिलेटिनचं पातळ कवच आणि आत रंग मिसळलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल; तो अंगावर फुटून रंग लागला की गडी बाद. नेहमीचा बॉल ०.६८ कॅलिबरचा, म्हणजे साधारण १७.३ मिलिमीटर व्यासाचा आणि तीनेक ग्रॅम वजनाचा. एवढ्या आकाराला हे वजन फार कमी आहे. मैदानावर बॉल सुटतानाचा वेग सहसा २८० ते ३०० फूट प्रति सेकंदाच्या वर जाऊ देत नाहीत, छोट्या किंवा बंदिस्त मैदानावर तर त्याहून कमी ठेवतात. २८० फूट म्हणजे सेकंदाला ८५ मीटर. आकडा मोठा वाटतो, पण हलक्या बॉलला हवा लगेच अडवते. हिशेब मांडला तर २० मीटरवर पोचेपर्यंत हा वेग ५५ मीटरच्या आसपास उतरतो आणि तीस-पस्तीस मीटरवर निम्मा होतो. २० मीटर जायला बॉलला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. नळी अगदी आडवी धरली असेल तर तेवढ्या वेळात तो दीड वीत खाली येतो, आणि ३० मीटरवर मीटरभराच्या जवळपास. त्याच ०.३ सेकंदात एका बंकरमागून, म्हणजे लपायच्या आडोशामागून, दुसऱ्या बंकरकडे पळणारा गडी दीड मीटर पुढे निघून गेलेला असतो. तू त्याच्या छातीवर नेम धरलास तर बॉल त्याच्या पाठीमागून जाणार, हे ठरलेलंच.

आता यात स्कोप काय करणार? स्कोपमधून सरळ रेष दिसते, आणि बॉल पहिल्या दहा मीटरनंतर सरळ रेषेत राहतच नाही. शिवाय तोंडावर मास्क असताना गाल मार्करला टेकत नाही, त्यामुळे डोळा काचेच्या मागे एका जागी ठरत नाही. त्या बारीक गोलात पाहत बसलास की बाजूने कोण येतंय ते दिसत नाही. स्कोप लावून आलेला नवा खेळाडू बाजूने मार खाऊनच बाहेर जातो.

लांब नळीचंही तसंच. बॉलला लागणारा रेटा नळीच्या पहिल्या आठेक इंचांत मिळून जातो. १२ ते १४ इंचांची नळी पुरते. बंकरच्या कडेवरून डोकवायला आणि फुगवलेला बंकर बाजूला सारायला थोडी लांबी कामाची असते, इतकंच. त्याहून लांब घेतलीस तर बॉल आत जास्त घासतो, गॅस जास्त जातो आणि वळताना नळी झाडाला अडकते. रायफलसारखे आतून आटे पाडलेल्या नळ्याही विकायला असतात. गोल आणि आतून पातळ रंगाने भरलेल्या बॉलला त्या आट्यांचा काही उपयोग होत नाही. शेपटीला पंख असलेले वेगळ्या आकाराचे बॉल येतात, त्यांची गोष्ट निराळी, पण ते इतके महाग आहेत की शिकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

म्हणून पहिली खरेदी मास्कची, आणि हे फक्त सुरक्षिततेसाठी सांगत नाही. ज्याला नीट दिसत नाही त्याचा नेम लागत नाही. भाड्याच्या मास्कला बहुतेक एकच काच असते, तीवर ओरखडे असतात, आणि ऑगस्टच्या दमट हवेत चार मिनिटं पळलास की ती आतून धुरकट होते. बॉल कुठे पडला तेच दिसलं नाही तर पुढचा बॉल कुठे टाकायचा हे कसं ठरवणार? दुहेरी काचेचा मास्क घे, त्याला थर्मल लेन्स म्हणतात. दोन काचांमध्ये हवेचा थर असल्याने ती सहसा धुरकट होत नाही. मास्कवर एएसटीएम एफ १७७६ हे मानक छापलेलं आहे का पाहा. पेंटबॉलच्या डोळ्यांच्या संरक्षणासाठीचं मानक हेच. हेल्मेटचा वायझर, वेल्डिंगचा चष्मा, क्रिकेटचं हेल्मेट यातलं काहीही चालत नाही. क्रिकेटच्या जाळीतून बॉल आत येऊ शकतो, आणि सेकंदाला ८५ मीटरने आलेला बॉल डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो. मैदानात असताना मास्क वर करायचा नाही. घाम आला, काच धुरकट झाली, गेम संपल्यासारखा वाटला, तरी नाही. हात वर कर, मार्शलला हाक मार, जाळीबाहेर जा आणि मग काढ. मी याच एका गोष्टीवर पोरांना मैदानाबाहेर काढतो आणि त्यात कोणाचंही ऐकत नाही.

काच साध्या पाण्याने आणि मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसायची. आरसे पुसायच्या निळ्या स्प्रेत अमोनिया असू शकतो, तो काचेवरचा लेप खराब करतो. दुहेरी काच पाण्यात बुडवायची नाही, मधल्या फोममधून पाणी आत जातं आणि मग ते वाळत नाही. जवळून सणसणीत बॉल बसला असेल किंवा चीर दिसत असेल तर काच बदल, मास्क तोच ठेव.

आता पेंट. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण नागपूरच्या हवेत निम्मे नेम इथेच बिघडतात.

जिलेटिन हवेतला ओलावा ओढून घेतं आणि उष्णतेने मऊ पडतं. जुलैत खोकं दोन दिवस उघडं राहिलं तर बॉल फुगतात आणि एकमेकांच्या वजनाने चपटे होतात. मे महिन्यात खोकं गाडीच्या डिक्कीत ठेवलं तर बॉल मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की तेच कवच ठिसूळ होतं आणि बॉल नळीतच फुटतो. म्हणून बॉल हवाबंद पिशवीत, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत ठेवायचे. १५ ते २५ अंश तापमान उत्तम. फ्रिजमध्ये ठेवू नकोस. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं आणि सगळा पसारा चिकट होतो. गोठवलेले बॉल तर कोणाच्या हातात दिसले तर मार्शलला सांग. त्यांनी इजा होऊ शकते. मैदानाकडे नेताना थर्माकोलचा किंवा पाणी ठेवायचा कूलबॉक्स घे, बर्फ न घालता. खोकं अनेक दिवस पडून राहणार असेल तर दर काही दिवसांनी उलटं कर, म्हणजे खालचे बॉल सपाट होत नाहीत.

मैदानावर बॉल हातात आले की हॉपरमध्ये, म्हणजे मार्करवरच्या बॉलच्या डब्यात, ओतण्याआधी दोन मिनिटं घालव. घरून एक स्टीलचं ताट आण. ते किंचित कलतं धर आणि एकेक बॉल वरून सोड. चांगला बॉल सरळ खाली घरंगळतो. वाकडा झालेला बॉल मध्येच हेलकावे खातो, एका बाजूला वळतो. दहा बॉलपैकी तीन-चार वळले तर तो पेंट परत दे, नाहीतर त्या दिवशी नेमाची अपेक्षा सोड. मग बॉल बोटांत फिरवून शिवण पाहा. दोन अर्धगोल जिथे जोडले आहेत तिथे उंचवटा लागत असेल तर तो हवेत वळणारच. खड्डा पडलेला, तेलकट किंवा चिकट लागणारा बॉल बाजूला काढ. शेवटी एक बॉल डोक्याच्या उंचीवरून सिमेंटवर सोड. पहिल्या आपटण्यातच फुटला तर कवच नाजूक आहे, मार्करमध्ये फुटण्याची भीती. पाच-सहा वेळा आपटूनही फुटला नाही तर समोरच्याच्या जर्सीवरून उसळून जाईल आणि तुला "लागला, पण फुटला नाही" म्हणून वाद घालावा लागेल. दुसऱ्या-तिसऱ्याला फुटणारा बॉल मला आवडतो.

जमिनीवर पडलेला बॉल उचलून परत हॉपरमध्ये टाकायचा नाही. पैसे वाचवायला सगळे पोट्टे हे करतात. आपल्या काळ्या मातीचा एक कण बॉलला चिकटला तरी तो नळीत फुटायला पुरतो. आणि एक बॉल नळीत फुटला की पुढचे पंधरा-वीस बॉल त्या ओल्या रंगावरून घसरत, भलत्याच दिशेला भिरभिरत जातात.

तुझे बॉल डावी-उजवीकडे का गेले, याचं माझ्या मते सगळ्यात संभाव्य कारण हेच. आधीच्या ग्रुपमधल्या कोणाचा तरी बॉल नळीत फुटला असणार आणि मार्कर तसाच तुझ्या हातात आला असणार. पुढच्या वेळी मार्कर घेतला की पहिलं काम म्हणजे नळी काढायला सांग आणि उजेडाकडे धरून आतून पाहा. रंगाचा ओघळ दिसला तर स्वॅब मागून घे आणि आरपार ओढ. स्वॅब म्हणजे दोरीला किंवा काडीला लावलेला मऊ बोळा. तो स्वस्त मिळतो. मास्कनंतरची तुझी दुसरी खरेदी तीच असू दे आणि तो कंबरेला लटकवून खेळ.

नळी हातात आहेच तर बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, तपासून घे. बॉल नळीच्या मागच्या टोकातून आत टाक. तो सरळ आरपार गळून पडला तर नळी त्या पेंटला सैल आहे. बोटाने ढकलावा लागला तर घट्ट. आपोआप थांबला आणि तोंडाने फुंकल्यावर निघाला तर जुळलं. नळ्यांचे बोअर सहसा ०.६८४ ते ०.६९३ इंचांच्या दरम्यान मिळतात. फरक आकड्यात केसाएवढा दिसतो, पण सैल नळीत प्रत्येक बॉलच्या बाजूने वेगवेगळा गॅस निसटतो आणि प्रत्येकाचा वेग वेगळा येतो. भाड्याच्या मार्करची नळी बहुतेक थोडी सैलच असते, ती बदलता येणार नाही. पुढे स्वतःचा मार्कर घेतलास तर त्याच्यासोबत दोन-तीन वेगवेगळ्या बोअरचे नळीचे मागचे भाग घे, कारण पावसाळ्यातले फुगलेले बॉल आणि मार्चमधले कोरडे बॉल एकाच नळीत बसत नाहीत.

आता गॅस. मार्करमागे जी बाटली असते तिच्यात एकतर कार्बन डायऑक्साइड असतो किंवा उच्च दाबाची साधी हवा. आपल्याकडे दोन्ही चालतात, पण नागपूरच्या उन्हात दोघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कार्बन डायऑक्साइड बाटलीत द्रव रूपात असतो आणि त्याच्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो. १० अंशांना तो साधारण ४५ बार (बार हे दाबाचं माप) असतो, २० अंशांना ५७ आणि ३० अंशांना ७२. म्हणजे जानेवारीत सकाळी सातला सेट केलेला मार्कर अकराला तोच राहत नाही. ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही, आणि बाटली किती भरली आहे त्यावर दाब भराभर चढत जातो. आपल्याकडे मार्चपासूनच दुपारी पारा त्याच्या पुढे जातो. बाटली भरताना थोडी जास्त भरली गेली आणि ती मे महिन्यात उन्हात किंवा बंद गाडीत राहिली की सुरक्षिततेची बर्स्ट डिस्क फुटते आणि सगळा गॅस कर्णकर्कश आवाज करत निघून जातो. ती डिस्क असते म्हणून बाटली फुटत नाही, त्यामुळे तिच्याशी खेळायचं नाही, नाणं किंवा जाड पत्रा घालून ती बंद करायची नाही. दुसरी बाजू म्हणजे भराभर ट्रिगर ओढलास तर बाटली थंड होते, दाब घसरतो आणि बॉल पायापाशी पडायला लागतात. मार्करचं तोंड जमिनीकडे झुकवून खेळलास तर द्रवच मार्करमध्ये शिरतो, मग एक बॉल सुसाट आणि पुढचा मलूल. नेम तोच, बोट तेच, आणि बॉल वीतभर वर-खाली.

उच्च दाबाच्या हवेच्या बाटलीला वर दाब आवरणारा रेग्युलेटर असतो. आत ३००० पीएसआय (हेही दाबाचंच माप) असो वा ४५००, मार्करकडे साधारण ८०० ते ८५० पीएसआयच जातात, आणि थंडी-उन्हाने त्यात फार फरक पडत नाही. नेम सुधारायचा असेल तर हवेच्या बाटलीवर खेळवणारं मैदान शोध. भाडं थोडं जास्त पडलं तरी पडू दे.

बाटली स्वतःची घेतलीस तर तिच्यावर हायड्रोटेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची, तारीख कोरलेली असते ती पाहा. मुदत संपलेली बाटली भरून घ्यायची नाही. दाबाचे सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतात आणि ते नियम पाहणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सलाच आहे. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून जुगाडाने भरून घेण्याची कल्पना कोणी सुचवली तर सरळ नाही म्हण. आणि हवेच्या बाटलीच्या तोंडात तेलाचा एक थेंबही जाऊ द्यायचा नाही. उच्च दाबाची हवा भरताना तेल पेट घेऊ शकतं.

गॅस आणि पेंट ठीक आहेत की नाहीत हे क्रोनोग्राफवर कळतं. बॉलचा वेग मोजणारं ते यंत्र मैदानावर असतंच. बहुतेक जण एक बॉल मारतात, २८० आलं की निघतात. तू दहा मार. दहाही आकडे दहा फुटांच्या आत असतील तर मार्कर उत्तम. एक २८५, एक २५० असं येत असेल तर नेम विसर. ३० फुटांच्या फरकाने ३० मीटरवर बॉल वीतभर खाली-वर होतो. पहिला बॉल नेहमी हळू आणि पुढचे ठीक असतील, तर मार्कर थोडा वेळ पडून राहिल्यावर आतली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, चिकटते आहे. तिला मार्करचं तेल लागतं, घरातलं गंजाचं स्प्रे किंवा खोबरेल तेल नाही. सकाळी क्रोनो केला असला तरी दुपारी पुन्हा कर. कार्बन डायऑक्साइडवर असशील तर ही सुरक्षिततेचीही गोष्ट आहे, कारण ऊन चढलं की वेग तीनशेच्या वर जाऊ शकतो.

एवढं झाल्यावर दोष मार्करचा की आपला हे शोधायची माझी पद्धत सांगतो. गर्दी नसलेल्या सकाळी मैदानवाल्या भाऊंची परवानगी घे. १५ मीटरवर पुठ्ठा लाव. मार्कर रेतीच्या पोत्यावर टेकवून दहा बॉल एकेक करून मार, घाई न करता. मग तिथूनच उभ्याने, खांद्याला लावून दहा मार. पोत्यावरून मारलेले बॉल जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसले आणि उभ्याने मारलेले दोन हात पसरले, तर शिकायचं तुला आहे. पोत्यावरूनही पसरले तर डाग कसे पडले आहेत ते पाहा. एका उभ्या पट्ट्यात वर-खाली पडले असतील तर वेग सारखा नाही, म्हणजे गॅस किंवा सैल नळी. डावी-उजवीकडे वाटेल तसे पडले असतील तर बॉल वाकडे आहेत किंवा नळी घाण आहे. "गनच खराब हाये" म्हणून माझ्याकडे आलेल्या मार्करांपैकी बरेचसे या एका चाचणीनंतर स्वॅब मारून परत गेले आहेत.

उभ्याने मारताना हात काय करतो ते सांगतो. बाटलीचं बूड खांद्याच्या आतल्या बाजूला, छातीच्या वरच्या भागावर टेकव. कोपरं अंगाशी घे. नवे खेळाडू कोपर पंखासारखं बाहेर काढतात आणि बंकरबाहेर आलेल्या त्या कोपरावरच मार खातात. दोन्ही डोळे उघडे ठेव, मान किंचित कलती, आणि नळीच्या वरून पाहा. ट्रिगर हिसक्याने ओढू नकोस. भाड्याच्या यांत्रिक मार्करचा ट्रिगर लांब आणि जड असतो, हिसका दिलास की नळीचं तोंड बाजूला जातं.

पहिला बॉल हा तुझा मापक. तो कुठे गेला ते डोळ्यांनी शेवटपर्यंत पाहा, त्याच्यावरून नळी हलव आणि लगेच दोन-तीन बॉल टाक. एका दमात वीस बॉल उडवणाऱ्याला स्वतःचा एकही बॉल दिसत नाही. ऊन समोर असलं तरी बॉल दिसत नाही, म्हणून बाजू निवडायला मिळाली तर दुपारी सूर्य पाठीशी ठेव. पळणाऱ्यावर मारताना त्याच्यावर नेम धरू नकोस. तो ज्या बंकरकडे चालला आहे त्याच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत बॉल टाकत राहा, तो स्वतः त्यात येतो.

घरी सरावासाठी मार्कर लागत नाही. मार्करच्या लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घे, मास्क घाल आणि दाराच्या चौकटीमागून डोकवायचा सराव कर: आधी पाइपचं तोंड आणि एक डोळा बाहेर, एक सेकंद, परत आत. पुढच्या वेळी वेगळ्या उंचीवरून. उजव्या खांद्याने झालं की डाव्याने. डाव्या हाताने खेळता न येणारा गडी बंकरच्या डाव्या बाजूने निम्मं अंग बाहेर काढतो, आणि समोरच्याला आयता मोठा नेम मिळतो. रोज दहा मिनिटं, आरशासमोर केलंस तर आणखी चांगलं. मास्क घालूनच कर, कारण मास्कसकट किती दिसतं याची सवय व्हायला वेळ लागतो.

नेम सुधारायचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे अंतर कमी करणं. ३० मीटरवरून २० वर आलास तर बॉलचा घसारा निम्म्याहून कमी होतो. त्यासाठी सरकणं, रांगणं, साथीदार समोरच्याला बंकरमागे दाबून ठेवतोय तेवढ्यात पुढचा बंकर गाठणं शिकायला हवं. या खेळाची सुरुवातच याची साक्ष देते. पहिला पेंटबॉल खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाजवळच्या जंगलात झाला. हातात होते ते झाडं आणि गुरं यांच्यावर रंगाची खूण करायचे नेलस्पॉट ००७ मार्कर. बारा जण उतरले होते. जिंकला तो रिची व्हाइट, व्यवसायाने वनपाल, आणि त्याने एकही बॉल न मारता सगळे झेंडे गोळा केले. जंगलात हलायचं कसं हे त्याला कळत होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात सागाची वाळलेली पानं पायाखाली वाजतात, पावसाळ्यात काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. फुटबॉलचे स्टड असलेले बूट घे, फुल बाह्यांचा सैल सुती शर्ट घाल. नव्या मार्करपेक्षा याने तू लवकर पुढे सरकशील.

सहा-आठ महिन्यांनीही आवड टिकली तर मार्करचा विचार कर. तेव्हा साधा यांत्रिक, उघडायला सोपा, सुटे भाग मिळणारा घे. टिपमन ९८ दणकट आहे, भाड्यासाठी तो याच कारणाने वापरतात. प्लॅनेट एक्लिप्सचा ईमेक गॅस कमी खातो आणि बॉल नळीत कमी फोडतो. इलेक्ट्रॉनिक मार्कर भराभर बॉल फेकतात आणि तितक्याच भराभर तुझे पैसे संपवतात, सुरुवातीला नकोच. जुना घेत असशील तर बाटली लावून शांतपणे कान दे. सूं असा आवाज येत असेल तर आतल्या ओ-रिंग गेल्या आहेत. ते दुरुस्त होतं, पण किंमत त्या हिशेबाने कमी करून घे. आणि बाहेरून मागवायचा असेल तर पैसे भरण्याआधी मॉडेलचं नाव देऊन कस्टम्सला आणि पोलिसांच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचार. हवेच्या दाबावर चालणाऱ्या शस्त्रांना आपल्याकडे नियम लागू आहेत आणि पेंटबॉलची नळी नेहमीच्या एअर रायफलच्या जवळजवळ चौपट रुंद असते. मार्कर कधीही रस्त्याने उघडा नेऊ नकोस. बॅगेत, बाटली काढून, नळीच्या तोंडावर सॉक, म्हणजे कापडी टोपी, चढवून.

बहिणीला खुशाल घेऊन जा. चष्म्यावरून बसणारे मास्क मिळतात, त्यात चष्म्याच्या काड्यांसाठी फोमला खाचा असतात. घ्यायला जाताना तिला तिच्या चष्म्यासकट ने आणि मास्क घालून मान खाली-वर, डावी-उजवीकडे हलवायला सांग. चष्मा नाकावर दाबला जात असेल किंवा मास्कच्या काचेला टेकत असेल तर दुसरा बघ. तिच्यासाठी काच दुहेरीच हवी, आणि चष्म्याच्या काचांना आतून धुरकट न होण्याचं द्रावण लाव, नाहीतर मास्क स्वच्छ आणि चष्मा धुरकट अशी गत होते. ती लहान असेल तर मैदानवाल्यांना ०.५० कॅलिबरचे मार्कर आहेत का विचार. तो बॉल १२.७ मिलिमीटरचा आणि वजनाने निम्म्याहून कमी असतो, लागला तरी कमी झोंबतो, मार्करही हलका असतो. गळ्याभोवती ओढणी नको, ती अडकते. त्याऐवजी गळ्याचा पट्टा आणि छातीचं पॅड मैदानावरूनच मागून घे. बहुतेक ठिकाणी ते ठेवलेलं असतं, पण कोणी मागत नाही म्हणून कपाटातच पडून राहतं.